पंधरा अंशांचा कल

बुधवार, सकाळचे साडेदहा. स्थळ: बाजारपेठेच्या टोकाला, दोन पायऱ्या चढून जावे लागते असे एक चष्म्याचे दुकान; आणि त्या दुकानातली आतली, खिडकी नसलेली, काळ्या भिंतींची तपासणीची खोली. उपस्थिती दोघांची. वेळ, स्थळ आणि उपस्थिती इतक्या काटेकोरपणे नोंदवण्याचे कारण असे, की पुढे जो घोटाळा झाला त्याचे मूळ याच खोलीत, याच अर्ध्या तासात आणि याच दोघांच्या संगनमतात होते. आपण संगनमत करतो आहोत, हे मात्र त्या दोघांनी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केले नसते.

दोघांपैकी एक होती दुकानाच्या मालकांची मुलगी. डोळे तपासण्याचे रीतसर शिक्षण घेऊन ती गेली नऊ वर्षे या खोलीत काम करत होती, आणि बाजारातली माणसे तिला 'डोळेताई' म्हणत. वय एकतीस, हात स्थिर, जीभ धारदार, आणि हसणे असे, की काचेच्या कपाटातल्या फ्रेमा किणकिणाव्यात. दुसरा होता महाविद्यालयात प्राचीन ग्रीक शिकवणारा एक पस्तिशीचा मास्तर. त्याने हातरुमालाची गाठ सोडली आणि टेबलावर आपल्या चष्म्याचे दोन तुकडे मांडले.

"कसा मोडला?"

"मी त्याच्यावर बसलो."

"बसण्याआधी बघायचं ना!"

"बघायला चष्मा लागतो," तो गंभीरपणे म्हणाला. "या प्रकरणातली मूळ अडचण तीच आहे."

कपाटातल्या फ्रेमा किणकिणल्या.

तिने जुन्या भिंगांचे आकडे यंत्रावर मोजून कागदावर टिपले, त्याला उंच खुर्चीत बसवले, गोल डोळ्यांची ती जड तपासणीची फ्रेम त्याच्या नाकावर चढवली आणि दिवा मालवला. समोरच्या तक्त्यावरची अक्षरे तेवढी उजळून राहिली.

"तुम्हाला सगळे डोळेताई म्हणतात ना?" काळोखातून प्रश्न आला.

"म्हणतात. तुम्हीही म्हणा."

"नाही. मी नाही म्हणणार."

"का बरं? नाव आवडलं नाही?"

"डोळे ठीक आहे. ताई म्हणणार नाही." तो म्हणाला. "तत्त्वाचा प्रश्न आहे."

त्या क्षणी कोणाचाच चेहरा कोणाला दिसत नव्हता, ही दोघांचीही मोठीच सोय होती.

काही डोळ्यांना भिंग किती जोराचे हवे एवढे सांगून भागत नाही. ते कोणत्या कोनात बसवायचे, तेही शोधावे लागते. त्यासाठी दांडीचे एक छोटे भिंग असते. ते डोळ्यासमोर धरायचे, दांडी फिरवून उलटायचे आणि विचारायचे, पहिले बरे की दुसरे? उत्तर येईल त्या बाजूला कोन थोडा सरकवायचा आणि पुन्हा तोच प्रश्न विचारायचा. हा प्रश्न तिने नऊ वर्षांत इतक्या वेळा विचारला होता, की झोपेत कोणी हाक मारली असती तरी तिने तोच विचारला असता.

"आणि दोन्ही सारखंच दिसलं तर?" मास्तरने विचारले.

"तर सांगायचं, सारखं. तेच तर शोधतेय मी. कोन बरोबर जमला की भिंग या बाजूला वळवा नाहीतर त्या बाजूला, दोन्हीकडे सारखंच धूसर दिसतं. त्या दोन धूसरांच्या बरोबर मधे जे असतं, तो तुमचा नंबर."

खुर्ची जोरात करकरली. "हे तुम्ही कुठं वाचलंत?"

"वाचतेय कुठली? रोज करते."

"अहो, पण ग्रीक लोक सद्गुणाबद्दल हेच तर सांगत होते! धैर्य घ्या. एकीकडे भेकडपणा, दुसरीकडे आंधळं धाडस, दोन्ही धूसर. मधे धैर्य. औदार्य घ्या. एकीकडे कंजूषपणा, दुसरीकडे उधळेपणा. आणि तो मधला बिंदू फूटपट्टी लावून सापडत नाही, प्रत्येकाचा वेगळा असतो, ज्याचा त्यानं शोधायचा—"

"मास्तर, बसा खाली. फ्रेम हलली."

तो बसला. फ्रेम सरळ करायला ती पुढे वाकली, तेव्हा तिची बोटे त्याच्या कानशिलाला लागली. त्याच्या सदऱ्याला खडूचा आणि ताज्या इस्त्रीचा वास होता. आपण श्वास जरा जपून घेत आहोत, असे तिच्या लक्षात आले.

"पहिलं... की दुसरं?"

"दुसरं."

"आता?"

"दुसरं."

"आता?"

"...दुसरं."

फ्रेमेवरची खूण सरकत राहिली. छोट्या बॅटरीच्या उजेडात तिने कागदावरच्या जुन्या आकड्याकडे एकदा पाहिले, खुणेकडे एकदा पाहिले, आणि म्हणाली, "आता?"

दुसऱ्या डोळ्याचीही हीच कथा. शेवटी केव्हातरी 'सारखं' आले. तक्त्यावरची सर्वांत खालची ओळ त्याने घडाघडा म्हणून दाखवली आणि तिने दिवा लावला. दोघांनीही डोळे मिचकावले. उजेडामुळे, असे दोघांनीही परस्पर ठरवून टाकले.

दुकानाच्या मागच्या टेबलाशी तिचे बाबा बसत. भिंगे घासून फ्रेमेत बसवणे हे त्यांचे काम. तयार झालेला प्रत्येक चष्मा ते यंत्राखाली धरत, मुलीने लिहिलेल्या कागदाशी आकडे ताडून पाहत आणि दोहोंपैकी एक निकाल देत: 'परत', किंवा 'कागदाप्रमाणे बरोबर'. नुसते 'बरोबर' त्यांच्या तोंडून कधी कोणी ऐकले नव्हते. विचारले तर म्हणत, "माझ्यासमोर कागद असतो, चिऊ. डोळा नसतो."

एकतीस वर्षांच्या मुलीला चिऊ म्हणू नये, यावर त्या घरात अनेक वाद झाले होते आणि ते सर्व बाबांनी न बोलता जिंकले होते.

या निकालातला बारकावा तिला एकदा फार महागात पडला होता. दोन वर्षांपूर्वी तिचे लग्न ठरले होते. मुलगा शिकलेला, देखणा, मवाळ. घर कुठल्या भागात घ्यायचे? 'तुला हवं तसं.' लग्नानंतर मी दुकानात येत राहू ना? 'तुला हवं तसं.' कसा वाटतो, असे तिने बाबांना विचारले तेव्हा ते म्हणाले होते, "कागदाप्रमाणे बरोबर". आणि तिने त्यातला शेवटचाच शब्द ऐकला. लग्नाला महिना उरला असताना त्या मुलाने सांगितले, की त्याला मुळात लग्नच नको होते. 'तुला वाईट वाटेल म्हणून इतके दिवस बोललो नाही,' तो म्हणाला. तेव्हापासून गोड होकार देणाऱ्या माणसाची तिने धास्ती घेतली होती. जिचे सारे काम समोरच्याच्या खऱ्या उत्तरावर चालते, तिला घरात खोटी उत्तरे परवडत नाहीत. पुन्हा त्या वाटेला जायचे नाही, असे तिने ठरवले होते, आणि आजवर ते निभावलेही होते.

"कागदाप्रमाणे बरोबर," शुक्रवारी मास्तरचा चष्मा तिच्या हातात देत बाबा म्हणाले.

मास्तरने चष्मा घातला. दुकानभर पाहिले. तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिले.

"कसा आहे?"

"उत्तम!"

आणि जाताना, पायऱ्या दोनच असताना, त्याने तिसऱ्या पायरीसाठी पाय टाकला. तत्त्वज्ञ माणसे अशीच चालत असावीत, असे तिने मनाशी म्हटले. पडता पडता तो सावरला, मागे वळला आणि जणू काही वळण्यासाठीच अडखळलो होतो अशा थाटात म्हणाला, "बुधवारी संध्याकाळी सहाला वाचनालयाच्या वरच्या दालनात माझा एक वर्ग असतो. प्राचीन ग्रीकांचे सद्गुण आणि आपलं रोजचं जगणं. तुम्ही या. ते भिंग घेऊन या."

"भिंग कशाला?"

तो विचारात पडला. "भिंग नाही आणलंत तरी चालेल," तो म्हणाला.

भिंग न घेताच ती गेली.

वर्गात माणसे आठ होती आणि व्याख्यानाला तिथे दुय्यम स्थान होते. पाण्यात उतरल्याशिवाय पोहणे येत नाही, तसा वागून पाहिल्याशिवाय सद्गुण अंगी येत नाही, असे मास्तरचे म्हणणे. म्हणून दर आठवड्याला एक सद्गुण आणि त्याचा गृहपाठ. त्या दिवशी पाळी धैर्याची होती.

"गृहपाठ कोणी केला?"

"मी," पहिल्या रांगेतून एक पांढऱ्या केसांची बाई म्हणाली. जन्मभर रुग्णालयात परिचारिका होती, निवृत्त होऊन दहा वर्षे झाली तरी सगळे तिला सिस्टरच म्हणत. "जावेला फोन केला. पाच वर्षांनी."

"वा! मग?"

"तिनं उचलला. तिथं माझं धैर्य संपलं, मी ठेवला."

"म्हणजे हे अर्धंच धैर्य झालं, सिस्टर."

"मास्तर, तुम्ही माझ्या जावेला ओळखत नाही. अर्धं पुष्कळ झालं."

डोळेताई हसली. खालच्या मजल्यावर वर्तमानपत्र वाचणारे दोन गृहस्थ दचकून वर पाहू लागले, असे नंतर ग्रंथपालांनी सांगितले.

"मला एक शंका आहे," हसू ओसरल्यावर तिने हात वर केला. "मधला म्हणजे मिळमिळीतच ना? थोडा भित्रा, थोडा धाडसी. ना इकडचा, ना तिकडचा."

"साफ चूक!" मास्तर आनंदाने ओरडला. "दोरीवरून चालणारा मधोमध पाय टाकतो, तो काय मिळमिळीत असतो म्हणून? तिथंच पाय टाकणं सगळ्यांत अवघड असतं म्हणून!"

साफ चूक. तिच्या वयाच्या पुरुषाने तिला असे तोंडावर म्हणून बराच काळ लोटला होता. तिने स्वतःला तपासून पाहिले. तिला ते चक्क आवडले होते.

वर्गानंतर दोघे पुलापर्यंत चालत गेले. पुलावर त्याचा रस्ता डावीकडे जाई, तिचा उजवीकडे.

"तुम्ही प्रत्येक वाक्याला वाद घालता हो," तो म्हणाला.

"प्रत्येक नाही."

"बघा!"

"हा वाद नव्हता, ही दुरुस्ती होती."

त्या संध्याकाळी दोघे पुलाच्या कठड्याशी किती वेळ उभे होते, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. चष्मा कसा आहे, असे निघताना तिने विचारले. उत्तम, तो म्हणाला.

पुढचा बुधवार संयमाचा होता. आपल्याला आवडणारी एक गोष्ट निवडायची आणि ती जेवढी पुरे तेवढीच घ्यायची, हा गृहपाठ. वर्ग सुटला तेव्हा बाहेर बारीक पाऊस भुरभुरत होता. तिच्या छत्रीत दोघांना जागा होती, पण चष्म्याला नव्हती. पुलापर्यंत पोचेतो त्याच्या काचा थेंबांनी भरून गेल्या.

"आणा इकडे." तिने चष्मा त्याच्या नाकावरून अलगद उतरवला आणि पर्समधले मऊ फडके काढले. "मी दिसते का आता?"

"दिसता. कडा दिसत नाहीत."

"मग काय दिसतं?"

"नुसता उजेड."

ती काचा पुसत राहिली. काचा कोरड्या झाल्यावरही काही वेळ पुसत राहिली.

"तुम्ही कुठली गोष्ट निवडलीत?" तिने खाली पाहतच विचारले. "संयमासाठी?"

"या आठवड्यात मी नापास आहे. एक गोष्ट पुरे एवढी घेतली, आणि मग... आणखी घेतली."

"कुठली?"

त्याने नदीकडे पाहिले, दिव्यांकडे पाहिले, छत्रीच्या काडीकडे पाहिले. "...बुधवार."

चष्मा तिने स्वतःच त्याच्या नाकावर चढवला. "खरं सांगा, नीट दिसतंय ना? नव्या नंबरानं कधी कधी डोकं दुखतं."

"छे! उत्तम आहे."

घरी जाताना तिने छत्री मिटलेलीच हातात धरली होती, हे तिला दाराशी बाबांनी सांगितले तेव्हा कळले.

तिसऱ्या बुधवारी विषय होता खरेपणा.

"खुशामत करणारा सगळ्यांशी गोड बोलतो," मास्तर टिपणे हातात धरून वाचत होता, "आणि खेकसणारा कोणाशीच नाही. या दोघांच्या मधे जो उभा असतो, त्याच्या गुणाला ग्रीकांना नाव सापडलं नाही. ते एवढंच म्हणाले, की ते मैत्रीसारखं काहीतरी आहे."

"मान किती गोड वाकडी करतो नाही?" सिस्टर डोळेताईच्या कानाशी कुजबुजल्या. "फोटो काढायला बसल्यासारखी."

तिने पाहिले. मान खरोखरच डाव्या खांद्याकडे कललेली होती. मास्तरने टिपणे खाली ठेवली, चष्मा काढून कपाळ चोळले. मान सरळ झाली. चष्मा घातला, टिपणे उचलली. मान पुन्हा कलली. काढला, सरळ. घातला, कलली.

खरेपणाविषयी त्या दिवशी आणखी काय सांगितले गेले, ते तिला आजही ठाऊक नाही. भिंग चुकीच्या कोनात बसले असेल तर माणूस नकळत आपले डोकेच तेवढ्या कोनात झुकवतो आणि चूक भरून काढतो, हे तिच्याखेरीज त्या दालनात कोणाला माहीत असणार? मनातल्या मनात तिने कोन मोजला. पंधरा अंश.

माणसे खुर्च्या एकावर एक रचू लागली तेव्हा ती पुढे गेली. काही न बोलता तिने दोन बोटे त्याच्या हनुवटीखाली ठेवली. खुर्ची उचललेल्या सिस्टर खुर्चीसकट जागच्या जागी थांबल्या. तिने त्याची मान हळुवार, अगदी हळुवार सरळ केली आणि टिपणांचा कागद त्याच्यासमोर धरला.

"वाचा."

त्याने डोळे बारीक केले.

"वाचा ना."

"...दिसत नाही."

तिने बोटे काढली. मान कलली. "आता?"

"आता दिसतं."

"किती दिवस चाललंय हे?"

"पहिल्या दिवसापासून."

"मी तीनदा विचारलं तुम्हाला. तीनदा! दुकानात, पुलावर, पावसात."

"तुम्ही इतकं मन लावून केलं होतंत," तो चाचरत म्हणाला, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी—"

ती एक पाऊल मागे सरली. "हे वाक्य मी याआधी ऐकलंय." तिचा आवाज आता अगदी शांत झाला होता आणि तेच वाईट होते. "उद्या साडेदहाला दुकानात या. नंबर पुन्हा काढून देते. माझं काम चुकीचं राहायला नको. त्यानंतर मात्र येऊ नका."

जिन्यात सिस्टरनी तिला गाठले. "अगं, तीन आठवडे वाकड्या मानेनं हिंडला तो तुझ्यासाठी!"

"मी सांगितलं होतं हिंडायला?" ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरताना तिला स्वतःलाच नीट दिसेना.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्यावर तिने पहिल्यांदा मास्तरचा कागद शोधून काढला. त्यावरचे जुने आणि नवे आकडे पाहिले. मग कागद पालथा ठेवला, त्यावर चष्म्याची डबी ठेवली आणि काच पुसायला घेतली.

साडेदहाला मास्तर हजर झाला. त्याचा चेहरा रात्रभरात काहीतरी भयंकर निश्चय केलेल्या माणसासारखा होता.

"नमस्कार," तो बाबांना म्हणाला. "तुमच्या दुकानाची पाटी उजवीकडे झुकलीय. याआधीच सांगायला हवं होतं."

"पाटी सरळ आहे," बाबा मान वर न करता म्हणाले. "तुमचा चष्मा वाकडा आहे. चहा घेणार?"

"नको. मागच्या वेळचा पाणचट होता."

आतून ती बाहेर आली. "हे काय चाललंय?"

"खरेपणा. आजपासून एकही गोड खोटं बोलणार नाही. तुमचं हसणं फार मोठं आहे, वाचनालयात माणसं दचकली. सिस्टर तुमच्यापेक्षा चांगल्या शंका विचारतात. आणि तुमची ही हिरवी पर्स—"

"आत चला."

आतल्या खोलीत तिने कमरेवर हात ठेवले. "आधी तीन आठवडे उत्तम, उत्तम, उत्तम. आणि आता हे. सांगा, पहिलं की दुसरं?"

मास्तरचे खांदे खाली आले.

"दोन्ही धूसर," तो म्हणाला.

"कळलं ना? बसा."

जड फ्रेम. मालवलेला दिवा. उजळलेली अक्षरे. या वेळी ती नियमाप्रमाणे हातभर अंतरावर उभी राहिली. पण दांडीचे भिंग धरायला पुढे वाकावेच लागते, त्याला इलाज नव्हता.

"पहिलं की दुसरं?"

"पहिलं."

"आता?"

"पहिलं."

खूण मागे मागे येत होती. एक डोळा झाला. दुसराही होत आला.

"आता?"

उत्तर आले नाही.

खूण कुठे येऊन थांबली आहे, हे तिला दिसत होते. आता खरे उत्तर एकच होते, आणि ते दिले की तपासणी संपत होती. दिवा लागणार होता आणि हा माणूस त्या दोन पायऱ्या उतरून जाणार होता. तिनेच तसे बजावले होते. त्याने नुसते 'पहिलं' म्हटले असते, तर ती आणखी दोन मिनिटे अशीच वाकून उभी राहिली असती. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. दोन्ही उत्तरांची तिला सारखीच भीती वाटत होती.

"सारखं," तो म्हणाला.

तिने भिंग खाली घेतले. दिव्याच्या बटणापर्यंत हात नेला... आणि तिथेच ठेवला.

"त्या दिवशीही सारखं आलं होतं," काळोखात तो हळू बोलू लागला. "तुम्ही विचारलंत, आणि मी दुसरं म्हणालो. सारखं म्हटलं असतं तर तुम्ही दिवा लावला असता. मग आणखी एकदा म्हणालो. मग आणखी एकदा. खालची ओळ तोवर पाठच झाली होती. घरी गेलो तर जमीन तिरकी दिसायला लागली. तुम्हाला सांगायचं, तर हे सगळंच सांगावं लागलं असतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून गप्प राहिलो, हे काल म्हणालो ना, तेही खोटं. मला भीती वाटली म्हणून गप्प राहिलो."

दिव्याच्या बटणावरचा तिचा हात खाली आला. एकाने आपल्याला काही नको आहे, हे लपवले होते. याने काहीतरी हवे आहे, हे लपवले होते. खोटे ते खोटेच. पण या दोन खोट्यांना एकाच डबीत ठेवता येईना.

"तुमच्या जुन्या चष्म्याचा कोन नव्वद होता," अखेर ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे कागद माझ्या हातात होता. कोन पंधरा अंश सरकला, तर कालचा शिकाऊसुद्धा थांबतो आणि पहिल्यापासून तपासतो. मला दिसलं होतं. मी कागद बघितला, खूण बघितली, आणि तरी म्हणाले, आता?"

"का?"

"मलाही दिवा लावायचा नव्हता."

खुर्ची करकरली. "म्हणजे काल तुम्ही चिडलात ते..."

"निम्मी तुमच्यावर, निम्मी माझ्यावर. पण माझं निम्मंही तुमच्याच डोक्यावर घातलं. न्यायाचा वर्ग कधी आहे?"

"पुढच्या बुधवारी."

"मला आधी शिकवणी लावावी लागेल."

काळोखात तो हसला. तिने ते हसणे ऐकले, पाहिले नाही.

"त्या मधल्या गुणाला नाव सापडलं नाही म्हणालात," ती म्हणाली.

"ग्रीकांना."

"आणि तुम्हाला?"

"मला सापडलंय बहुतेक. पण... तुम्हाला 'तुम्ही' म्हणत ते सांगता येत नाही."

"मग 'तू' म्हण."

"म्हणू?"

"म्हण ना. तत्त्वाचा प्रश्न आहे."

आयुष्यात वाक्यांची कधी ददात नसलेला तो माणूस एक वाक्य जुळवत होता.

"मला तू हवी आहेस," तो म्हणाला. "बुधवारी नाही. रोज."

तुला हवं तसं, असे तिला पुष्कळदा म्हणून झाले होते. मला हवी आहेस, असे आजवर कोणी म्हणाले नव्हते. तिने त्याच्या नाकावरची जड फ्रेम उतरवली, तिची बोटे पुन्हा त्याच्या कानशिलाला लागली. या वेळी ती तिथून हलली नाहीत.

"मी मोठ्यानं हसते," ती म्हणाली.

"हो. फार मोठ्यानं."

"आणि रोज हसते."

"चालेल," तो म्हणाला. "...नाही, थांब. चालेल नाही. हवंय."

मग तिने दिवा लावला.

भिंगे तयार व्हायला दुपार झाली. तोवर मास्तर बाहेरच्या स्टुलावर बसून राहिला. बाबांनी न विचारताच चहाचा कप पुढे केला.

"पाणचट आहे ना?"

"आहे," मास्तर म्हणाला. "पण आणखी अर्धा कप मिळाला तर बरं होईल."

बाबांनी कप भरला. चष्मा यंत्राखाली धरला, कागदाशी आकडे ताडून पाहिले. आजवर कधी केले नव्हते ते त्यांनी मग केले: कागदाची घडी घालून ती खिशात ठेवली, उठून बाहेर आले आणि चष्मा स्वतःच्या हाताने मास्तरच्या नाकावर चढवला.

"चिऊकडे बघा."

मास्तरने पाहिले. बाबा समोर उभे राहिले. एकदा डावीकडून वाकून पाहिले, एकदा उजवीकडून. मास्तरची मान ओळंबा सोडल्यासारखी सरळ होती, आणि नजर जिथे होती तिथून हलायला तयार नव्हती.

"बाबा?" ती पुढे झाली. "कागदाप्रमाणे...?"

"कागद खिशात आहे," बाबा म्हणाले.

मग त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिले, आपल्या टेबलाकडे परत जायला वळले आणि जाता जाता निकाल दिला.

"बरोबर."